‘जमलं तर मेपर्यंत’ ही नोटीस नव्हे

पत्र

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. नाशिकमधला माझा एक फ्लॅट एका कुटुंबाला भाड्याने दिला आहे. २२ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला होता, रीतसर नोंदवलेला. तो यंदा ३१ मार्चला संपला. माणसं चांगली, भाडं वेळेवर, म्हणून नवीन करार करायचं राहूनच गेलं. दर महिन्याच्या ५ तारखेला १४,५०० रुपये माझ्या खात्यात येतात. आता मुलाची बदली इकडे होते आहे आणि मेमध्ये त्यांना ते घर लागेल. दिवाळीत मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं : ‘जमलं तर मेपर्यंत घर बघा, आम्हाला लागेल असं वाटतंय.’ त्यांचं उत्तर आलं, ‘मुलीची दहावी आहे, परीक्षेनंतर बघू.’ तेव्हापासून विषय निघाला की ते हसून टाळतात. नोटीस किती दिवसांची द्यायची, यावर कोणी १५ दिवस सांगतं, कोणी महिना, कोणी ९०. माझे दीर म्हणतात, सरळ कुलूप बदल. शेजारचे म्हणतात, लिव्ह लायसन्स आहे ना, मग काळजीच नाही. खरं काय?

उत्तर

ताई, शेजाऱ्यांचं म्हणणं ३१ मार्चच्या संध्याकाळपर्यंत बरोबर होतं.

त्या दिवशी तुमच्याकडे महाराष्ट्रातल्या घरमालकाला मिळू शकतो तेवढा भक्कम कागद होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची (ती नुसती राहायची परवानगी, भाडेहक्क नव्हे) मुदत संपली की लायसन्सीने, म्हणजे त्या परवानगीवर राहणाऱ्याने, ताबा द्यायचा असतो. तुम्हाला घर का हवं, मुलगा येतोय की नुसतं रंगवून बंद ठेवायचंय, हे विचारलं जात नाही. शिवाय लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरला जातो. नंतर कोणी म्हणालं की ‘तोंडी आमचं वेगळंच ठरलं होतं’, तर ऐकून घेतलं जात नाही.

१ एप्रिलपासून मात्र तुम्ही स्वतःच हे चित्र धूसर करत आला आहात. मुदत संपली, माणसं राहिली, पैसे येत राहिले, तुम्ही घेत राहिलात आणि कागद एकही झाला नाही. याच कायद्याचं कलम ५५ आता बघा. जागा भाड्याने दिली असो वा लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती पार पाडली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्यात आहे. पण मला दंडापेक्षा त्याच कलमातलं दुसरं वाक्य जास्त बोचतं : नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जाईल, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. उद्या तुमचे भाडेकरू म्हणाले, ‘एप्रिलपासून बाईंनी आम्हाला महिन्याच्या भाड्यावर कायम ठेवलंय’, तर ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. ते असं म्हणतील असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रावरून माणसं सरळ दिसतात. पण वकिलाकडे गेल्यावर सरळ माणसंही वकील सांगतो ते म्हणतात.

जाता जाता, ‘अकरा महिन्यांचा करार केला की हक्क लागत नाही’ हे वाक्य निम्म्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याचा उगम हक्कात नाही, खर्च वाचवण्यात आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिने असोत की पाच, नोंदणी सुटत नाही. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला करार म्हणजे नोंदलेला करार नव्हे. तुम्ही पहिल्यांदा नोंदवलात, हे फार चांगलं केलंत. त्याच जोरावर आता पुढचं सांगते.

लोकांनी तुम्हाला जे तीन आकडे सांगितले, ते तिन्ही खरे आहेत. फक्त तीन वेगवेगळ्या घरांचे आहेत.

१५ दिवस हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मधले. महिन्याच्या भाड्यावर दिलेल्या जागेचा भाडेपट्टा संपवायचा तर १५ दिवसांची लेखी, सहीची नोटीस. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी दिलेल्या जागेला ६ महिने. पूर्वी हे १५ दिवस भाड्याचा महिना जिथे संपतो तिथेच संपावे लागत. वकिली नवीन होती तेव्हा, भाडे कायदा लागू नसलेल्या एका गावातल्या गोदामासाठी मी नोटीस काढली होती. महिना ५ तारखेला सुरू व्हायचा आणि मी सवयीने ‘३० एप्रिलपर्यंत’ लिहिलं. समोरच्या वकिलांनी माझ्याकडे बघून नुसता चष्मा पुसला. ४ मे हवा होता. सगळं पुन्हा पहिल्यापासून. २००२ अखेरच्या दुरुस्तीने हा जाच संपवला. आता दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात आणि मुदत थोडी कमी पडली तरी, ते दिवस उलटून गेल्यावर दावा लावला असेल, तर तेवढ्या कारणावरून नोटीस बाद होत नाही.

९० दिवस भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ मधले, भाडं थकवणाऱ्या संरक्षित भाडेकरूसाठी, म्हणजे ज्याला त्या कायद्यातल्या कारणांशिवाय काढता येत नाही त्याच्यासाठी. थकबाकीची लेखी मागणी केल्यावर ९० दिवस थांबायचं आणि मग दावा. तुमच्याकडे एक रुपयाही थकलेला नाही. हे विसरून जा.

एक महिना बहुधा तुमच्याच करारातला आहे. ‘कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी सूचना देऊन…’ असं कलम जवळजवळ प्रत्येक छापील मसुद्यात असतं. करार काढून बघा. ते मुदतीच्या आत करार मोडण्यासाठी असतं आणि तुमची मुदत तर संपलेली आहे.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर कलम २४ साठी नोटीस लागतच नाही, मुदत संपणं पुरेसं आहे. तरी मी तुम्हाला नोटीस द्यायलाच सांगणार, आणि पूर्ण ३० दिवसांची. कारण एप्रिलपासूनच्या आठ महिन्यांना ते लायसन्स म्हणोत, भाडेपट्टा म्हणोत, ‘तोंडी परवानगी’ म्हणोत, ३० दिवसांच्या नोटिशीत १५ ही बसतात आणि महिनाही बसतो. लायसन्स रद्द केल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा असं सुविधाधिकार अधिनियम सांगतो, तोही त्यात बसतो.

आता तुमचा दिवाळीचा मेसेज. मी तो तीनदा वाचला. ‘जमलं तर’. ‘मेपर्यंत’. ‘असं वाटतंय’. यात घर मागितलेलंच नाही. मे महिन्याची कोणती तारीख? नाही जमलं तर? आणि तुम्हाला नुसतं वाटतंय, की ठरलंय? त्यांनी ‘बघू’ म्हटलं, कारण तुम्हीही ‘बघू’च म्हणाला होतात. व्हॉट्सअ‍ॅप हे माध्यम म्हणून वाईट नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस उघडून वाचल्याच्या निळ्या खुणांवरून पोचल्याचं मानलं आहे. पण तिथे पीडीएफ केलेली खरीखुरी नोटीस होती. तुम्ही लिहिलं ते शेजारधर्माने लिहिलंत.

पुढे काय करायचं, ते सांगते. या रविवारी त्यांच्याकडे स्वतः जा. मुलाची बदली, मे महिना, सगळं मोकळेपणाने सांगा. मग हे मांडा : दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोवर तुम्हाला कोणी हलवणार नाही, पण १ डिसेंबर ते ३१ मार्च असा चार महिन्यांचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार आपण करू आणि नोंदवू. तुम्हाला वाटेल, मी घर परत मागतेय आणि या बाई आणखी चार महिने द्यायला सांगतायत! पण हिशोब करा. तुम्हाला घर मेमध्ये हवंय. हा करार झाला की गेले आठ महिने धूसर झालेलं चित्र पुन्हा लख्ख होतं. ३१ मार्च ही तारीख निर्णायक पुरावा बनते आणि त्यांनीही अंगठा लावून ती मान्य केलेली असते. करारात एक ओळ जरूर घाला, की आधीचा करार ३१ मार्चला संपला होता आणि त्यानंतरच्या वापरातून कोणताही भाडेहक्क निर्माण झालेला नाही. हे सगळं आता आधारवरच्या अंगठ्याने ऑनलाइन होतं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,००० रुपये. तो खर्च तुम्ही करा. त्यावर घासाघीस करू नका.

सोमवारी मात्र नोटीस टपालात पडलीच पाहिजे, रविवारी ते काहीही म्हणाले तरी. ‘हो हो, करू करार’ म्हणाले असतील तरीही. करार नोंदवला गेला की नोटीस आपोआप मागे पडते. नाही गेला, तर तुमचे दिवस सुरू झालेले असतात. पण चार महिन्यांचा प्रस्ताव नोटिशीत लिहू नका. तो तोंडी किंवा वेगळ्या पत्रात ठेवा. नोटिशीत दोन तारखा आल्या की एकही तारीख उरत नाही.

मसुदा असा ठेवा. पाठवण्याआधी जवळच्या वकिलांना मूळ करारासह एकदा दाखवा.

*दिनांक …*
*प्रति, (करारावर नावं असलेल्या सर्व लायसन्सींची पूर्ण नावं), (फ्लॅटचा पूर्ण पत्ता)*
*विषय : वरील फ्लॅटचा ताबा परत देण्याबाबत.*
*आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक …, दिनांक …) ३१ मार्च … रोजी मुदत संपून संपुष्टात आला आहे. त्याचे नूतनीकरण झालेले नाही. त्यानंतर आपण माझ्या खात्यात जमा केलेल्या रकमा मी केवळ जागेच्या वापरापोटी स्वीकारल्या असून त्यातून नवा करार किंवा भाडेहक्क निर्माण झालेला नाही. तरीही कोणत्याही स्वरूपाची परवानगी अथवा मासिक भाडेपट्टा चालू असल्याचे आपले म्हणणे असल्यास, माझ्या हक्कांना बाधा न येता, तोही या नोटिशीने संपुष्टात आणत आहे. आपण ३१ डिसेंबर … रोजी सायंकाळी ६ पर्यंत फ्लॅटचा रिकामा ताबा मला द्यावा. त्याच वेळी थकीत बिले वजा करून आपली अनामत रक्कम परत केली जाईल. ताबा न मिळाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्यात येईल.*
*(सही)*

बस, एवढंच. मुलाची बदली यात लिहू नका. कारण लागतच नाही तिथे कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते, ‘मुलगा तर अजून आलाच नाही’ वगैरे. ‘गंभीर परिणामांना सामोरे जावे लागेल’ असली वाक्यंही नकोत. ती वाचून माणूस घाबरत नाही, चिडतो. आणि ‘भाडेकरू’, ‘भाडे’ हे शब्द टाळा. बोलताना चालतात, आपण सगळेच बोलतो. पण तुमच्या सहीच्या कागदावर ‘माझे भाडेकरू’ असं आलं, तर समोरचा वकील तेच वाक्य पिवळं करून वाचून दाखवेल. फ्लॅट आणखी कोणाच्या नावावर असेल तर त्यांचीही सही घ्या.

पाठवायची कशी? रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’ मागायला गेलात तर काउंटरवर गोंधळ होईल. नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती मागा. ३१ डिसेंबर लिहायचं तर नोटीस ३० नोव्हेंबरच्या आत त्यांच्या हातात पडायला हवी. तेवढे दिवस उरले नसतील तर तारीख पुढे घ्या. पावती, ट्रॅकिंगचा कागद, सही केलेली प्रत, सगळं एका पाकिटात. तीच प्रत स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवरही टाका. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा घेऊन परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल पोचलं असं कायदा गृहीत धरतो आणि नकार म्हणजे पोचणंच. ‘दार बंद’ असा शेरा मात्र तितका निर्विवाद नसतो. तेव्हा दोन साक्षीदार घेऊन प्रत स्वतः नेऊन द्या, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात. तेही शक्य नसेल तर दारावर ठळक दिसेल अशी चिकटवा आणि फोटो काढा. कलम १०६ ला हे सगळे मार्ग मान्य आहेत.

आता ५ तारखेला येणारे ते १४,५०० रुपये. इथे बहुतेक घरमालक घसरतात. नोटिशीची मुदत संपल्यानंतरचं भाडं मुकाट्याने स्वीकारणं म्हणजे आपणच दिलेली नोटीस सोडून देणं, असं भाडेपट्ट्याच्या कायद्यात उदाहरणासकट लिहिलेलं आहे. बँकेत पैसे आपोआप येतात, ते तुम्ही अडवू शकत नाही. पण पैसे आले की त्याच दिवशी मेसेज करा : ‘आज जमा झालेली रक्कम माझे हक्क राखून, केवळ जागेच्या वापराची भरपाई म्हणून स्वीकारली आहे.’ दर वेळी, न चुकता. मागच्या आठ महिन्यांची दुप्पट रक्कम मागायच्या फंदात मात्र पडू नका. ते पैसे तुम्ही राजीखुशीने घेतलेत.

३१ डिसेंबरही गेला आणि करारही झाला नाही, तर अर्ज दिवाणी न्यायालयात नाही, तुमच्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा. तिथे लायसन्सीला आपोआप बचाव करता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी बचावाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर ताब्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे त्या आदेशाची वरून फेरतपासणी. मुदत संपल्यानंतर ताबा न देणाऱ्याकडून करारातल्या दराच्या दुप्पट, म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला २९,००० रुपये नुकसानभरपाई मिळू शकते. हा आकडा रविवारच्या भेटीत एकदा, शांतपणे, चहा संपल्यावर सांगा. तुमचे आठ महिने तिथे वादाचा मुद्दा होतील हेही लक्षात ठेवा. कागदावरची झटपट प्रक्रिया प्रत्यक्षात तारखा घेतेच. म्हणून मी त्या चार महिन्यांच्या कराराच्या एवढी मागे लागले आहे.

दिरांना सांगा, कुलपाचं नाव काढू नका. आज कायद्याची बाजू तुमच्याकडे झुकलेली आहे. कुलूप बदलल्याच्या क्षणी ती फिरेल. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच विचारला जात नाही. तुम्हीच त्यांना परत आत घ्यायचं! पाणी-वीज तोडणं हाही तसलाच प्रकार. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची घरमालकांना त्याबद्दल स्पष्ट मनाई आहे.

या सदराच्या ज्या वाचकांकडे पागडीचे किंवा आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू आहेत, त्यांनी वरचं काही स्वतःला लावून घेऊ नये. तिथे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मधली कारणं सिद्ध करावी लागतात. स्वतःला खरी गरज आहे म्हटलं तर दोघांपैकी जास्त हाल कोणाचे, हेही तोललं जातं. तिथे कलम १०६ ची नोटीस आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ मध्येच सांगितलंय. त्यांच्यासाठी वेगळं लिहीन.

ताई, घर सोडतील त्या दिवशी डिपॉझिट हातात घेऊन जा. आधी देऊ नका आणि ‘पुढच्या आठवड्यात देते’ही म्हणू नका. चावी घेताना ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, वीज मीटरचा फोटो, गॅसचं आणि सोसायटीचं काही उरलं नाही याची एक ओळ. पावतीवर वेळही लिहा. आणि ते हो म्हणाले, तर चार महिन्यांचा करार १ डिसेंबरच्या आत नोंदवून टाका. ‘परीक्षा झाल्यावर करू’ हे त्यांच्याकडूनही ऐकू नका आणि तुम्हीही म्हणू नका.